चार कोटी प्रकाशवर्षांचं अंतर, पोचायला १३.८ अब्ज वर्षं

जेम्स वेब दुर्बिणीने काही नवीन शोधलं की दोन-चार दिवस सगळीकडे एकच हेडलाइन फिरते, 'सापडली १३.५ अब्ज प्रकाशवर्षं दूरची गॅलक्सी', आणि मग कुणीतरी हमखास विचारतं की अरे थांबा, विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, पण दिसणाऱ्या विश्वाची त्रिज्या म्हणे ४६ अब्ज प्रकाशवर्षं, हे जमतं कसं? प्रश्न एक नंबर आहे. त्यावर ठरलेलं उत्तर असं की अवकाश स्वतः कितीही वेगाने पसरू शकतं, वेगाचं बंधन फक्त अवकाशातून पळणाऱ्या वस्तूंना, चला, संपला विषय. ते चूक नाहीये, पण त्याने समाधान होत नाही, कारण खरी मेख पुढेच आहे. गॅलक्सी जर आपल्यापासून प्रकाशापेक्षा जास्त वेगाने लांब जातेय, तर तिचा प्रकाश आपल्यापर्यंत आला कुठून आणि कसा?

आधी साधे आकडे घेऊ. प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर, वर्षभरात तो साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर जातो, त्यालाच एक प्रकाशवर्ष म्हणायचं. विश्व पसरतंय हे १९२० च्या दशकात कळलं, त्याच्या थोडं आधीपासून अमेरिकेत व्हेस्टो स्लायफर गॅलक्सींचे वेग मोजत होता, १९२७ मध्ये बेल्जियमच्या लमेत्रने गणित मांडलं, १९२९ मध्ये हबलने अंतर आणि वेग यांचा संबंध दाखवला. संबंध अगदी सरळ आहे, जितकी लांब तितकी जास्त वेगाने दूर. हल्लीच्या मोजमापानुसार दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे (याला मेगापार्सेक म्हणतात) सेकंदाला साधारण ७० किलोमीटर. नेमकं ६७ की ७३ यावर गेली दहा-बारा वर्षं खगोलवाल्यांची जोरदार जुंपली आहे, आपण ७० धरून चालू.

आता शाळकरी भागाकार करा. सेकंदाला ७० किलोमीटर दर मेगापार्सेकला, तर सेकंदाला तीन लाख किलोमीटर व्हायला किती मेगापार्सेक लागतील? साधारण ४२८०, म्हणजे १४ अब्ज प्रकाशवर्षं. त्याच्या पलीकडे आत्ता जे काही आहे ते सगळं आपल्यापासून प्रकाशापेक्षा जास्त वेगाने लांब जातंय. आणि हे काही थिअरीपुरतं नाही, हबल दुर्बिणीच्या खोल आकाशाच्या फोटोंमध्ये असल्या गॅलक्सी ढिगाने आहेत, आपण त्यांचे फोटो वॉलपेपर म्हणून लावतो.

यात आइन्स्टाइन कुठे मोडला? कुठेच नाही. १९०५ चा नियम सांगतो की तुमच्या शेजारून जाणारा प्रकाशकिरण मोजलात तर कायम तोच वेग येणार, आणि कोणतीही वस्तू त्या किरणाला ओव्हरटेक करणार नाही. त्या लांबच्या गॅलक्सीतही कुणी असेल तर त्याच्या नाकासमोरून जाणारा प्रकाश त्याला तेवढ्याच वेगाने जाताना दिसेल, आणि त्याची गॅलक्सी त्याच्या आजूबाजूच्या अवकाशात जवळपास जागेवरच उभी असेल. आपण जो 'वेग' म्हणतोय तो दोघांच्या मधलं अंतर किती भराभर वाढतंय त्याचा आकडा आहे, कुणी कुणाशी शर्यत लावलेली नाही. आणि एक, हे पसरणं गॅलक्सींच्या समूहांच्या मधल्या रिकाम्या जागेत चालतं. तुम्ही, मी, पृथ्वी, सूर्यमाला, आपली आकाशगंगा यातलं काही फुगत नाही, गुरुत्वाने आणि इतर बलांनी बांधलेल्या गोष्टी आपापल्या साइजमध्ये राहतात. २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी गॅलक्सी तर उलट आपल्याच दिशेने येतेय.

आता ती मेख. एक चपटं इलास्टिक घ्या, शिंप्याकडे मिळतं तसलं, फक्त हे कितीही ताणलं तरी तुटत नाही असं धरा. लांबी १०० सेंटिमीटर. एक टोक तुमच्या हातात, दुसऱ्या टोकावर एक मुंगी. मुंगी तुमच्याकडे चालायला लागते, सेकंदाला १ सेंटिमीटर, ना कमी ना जास्त. आणि त्याच क्षणी समोरचा माणूस त्याच्याकडचं टोक सेकंदाला २ सेंटिमीटर वेगाने ओढायला लागतो, म्हणजे मुंगीच्या पायाखालचं इलास्टिक तिच्या दुप्पट वेगाने मागे जातंय. पहिल्या सेकंदाला ती तुमच्याकडे १ सेंटिमीटर चालली आणि २ सेंटिमीटर मागे ओढली गेली, म्हणजे तुमच्यापासून लांबच गेली. बघणारा म्हणेल मेली बिचारी, ही कसली पोचतेय.

पण पोचते! कारण मागे ओढलं जाण्याचा वेग इलास्टिकभर सारखा नसतो. टोकाला २, बरोबर मध्यावर १, तुमच्या बोटांपाशी शून्य. मुंगी प्रत्येक पावलाला टोकापासून जरा आत सरकते, म्हणजे इलास्टिकच्या थोड्या कमी वेगाने पळणाऱ्या भागावर येते. गणित केलं तर ८६ सेकंदांपर्यंत ती तुमच्यापासून लांबच जात राहते, १०० वरून १३६ सेंटिमीटरपर्यंत. तेव्हा ती नेमकी इलास्टिकच्या मध्यावर असते, तिथे ओढ आणि तिची चाल सारखी, एक क्षणभर ती तुमच्यापासून ना लांब जाते ना जवळ येते. आणि त्यानंतर जवळ यायला लागते. ३२० सेकंदांनी तुमच्या बोटावर! तोवर इलास्टिक ७३९ सेंटिमीटर झालेलं असतं आणि ज्या टोकावरून ती निघाली ते टोक साडेसात मीटरच्या जवळपास लांब गेलेलं असतं. मुंगीने वेग वाढवला नाही, कुणी ओढणं थांबवलं नाही, ओढण्याचा वेग कमीही केला नाही, तरी जमलं.

यात नीट बघा, तीन वेगवेगळे आकडे आले. निघताना अंतर १००, चाललेली वेळ ३२०, पोचल्यावर त्या टोकाचं अंतर ७३९. तुम्हाला कुणी विचारलं की मुंगी किती लांबून आली, तर काय सांगाल? बातम्यांमधला सगळा घोळ इथेच आहे.

खऱ्या विश्वात हेच सगळ्यात टोकाला जाऊन झालंय ते सगळ्यात जुन्या प्रकाशाबाबत. विश्व साधारण ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना सगळीकडे तापलेला, अपारदर्शक वायू होता, तो थंड होऊन पारदर्शक झाला आणि प्रकाश मोकळा सुटला. तोच आज सगळ्या दिशांनी येणारं मायक्रोवेव्ह प्रारण म्हणून पकडला जातो, १९६४ मध्ये न्यू जर्सीतल्या होल्मडेलला पेन्झियास आणि विल्सन यांना तो त्यांच्या अँटेनात न जाणारी खरखर म्हणून सापडला, आधी वाटलं अँटेनात बसणाऱ्या कबुतरांची घाण असेल, साफसफाई करून पाहिली तरी खरखर तशीच, शेवटी १९७८ चं नोबेल मिळालं.

तर ज्या वायूतून निघालेला प्रकाश आज आपल्यापर्यंत येतोय तो वायू, प्रकाश निघाला तेव्हा आपल्या जागेपासून किती लांब होता? फक्त ४.२ कोटी प्रकाशवर्षं. मोजून सव्वाचार कोटी! आज त्याहून लांबच्या कितीतरी गॅलक्सी हौशी लोक गच्चीवरच्या दुर्बिणीतून बघतात. आणि तेवढं अंतर कापायला प्रकाशाला १३.८ अब्ज वर्षं लागली. कारण निघतानाच तो भाग आपल्यापासून प्रकाशाच्या साठ पटीहून जास्त वेगाने लांब जात होता. प्रकाश आपल्या दिशेने आपल्या ठरलेल्या वेगाने पळत होता पण ओढला जात होता मागे मागे, सव्वाचार कोटीवरून अंतर वाढत वाढत थेट ५.८ अब्ज प्रकाशवर्षांपर्यंत गेलं, तेव्हा विश्व साधारण ४ अब्ज वर्षांचं झालेलं. तिथे तो क्षणभर अडकल्यासारखा, मग पुढची साडेनऊ-पावणेदहा अब्ज वर्षं हळूहळू जवळ येत येत आपल्या अँटेनात. त्या वायूच्या आज गॅलक्सी झालेल्या असणार, आणि त्या आहेत ४५-४६ अब्ज प्रकाशवर्षांवर. ४६ अब्जचा आकडा आला तो इथून.

इलास्टिकचं उदाहरण इथे एका बाबतीत कमी पडतं ते सांगायला हवं. आपण टोक एकसारख्या वेगाने ओढलं, पण विश्वाचं पसरणं पहिली कितीतरी अब्ज वर्षं मंदावत होतं, मधल्या सगळ्या पदार्थाचं गुरुत्व ब्रेक लावत होतं. त्यामुळे प्रकाशाचं काम मुंगीपेक्षा जरा सोपं झालं. प्रकाशाच्या वेगाने दूर जाणाऱ्या भागाची जी हद्द, जी आज १४ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे, ती सुरुवातीला फार जवळ होती आणि भराभर बाहेर सरकत गेली. हद्दीबाहेर धडपडणाऱ्या प्रकाशाला तिने मागून येऊन आत घेतलं असं म्हणा, आणि एकदा आत आला की तो जवळ यायला लागला.

याचा एक पुरावा असा विचित्र आहे की पहिल्यांदा वाचल्यावर पटत नाही. लांबची वस्तू लहान दिसते, बरोबर? विश्वात हे एका मर्यादेपर्यंतच खरंय. त्या ५.८ अब्जच्या वळणाच्या पलीकडून, म्हणजे त्याहून जुन्या काळातून आलेला प्रकाश बघितला तर तेवढ्याच आकाराची गॅलक्सी जितकी लांबची तितकी आकाशात मोठी दिसायला लागते (मोठी, पण प्रचंड फिकी). कारण ती आकाशात किती जागा व्यापेल हे प्रकाश निघाला तेव्हा ती किती जवळ होती त्यावर ठरतं, आणि खूप जुन्या काळी सगळंच जवळ होतं.

आता परत हेडलाइनकडे. वेबने शोधलेली जेड्स-जीएस-झेड१४-० नावाची गॅलक्सी २०२४ मध्ये गाजली. तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्व जेमतेम ३० कोटी वर्षांचं होतं, म्हणजे प्रवास १३.५ अब्ज वर्षांचा. निघताना ती आपल्यापासून साधारण २.२ अब्ज प्रकाशवर्षांवर होती आणि प्रकाशाच्या पाच पट वेगाने लांब जात होती. आज ती जवळपास ३४ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे. मग '१३.५ अब्ज प्रकाशवर्षं दूर' हे कधीचं अंतर? निघतानाचं नाही, आजचंही नाही. ती प्रवासाची वर्षं आहेत आणि त्यांना प्रकाशवर्षं चिकटवून अंतर म्हणून छापलंय. मला विचाराल तर पेपरवाल्यांनी सरळ 'साडेतेरा अब्ज वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश' एवढंच लिहावं, ते शंभर टक्के बरोबर आहे आणि ऐकायलाही जास्त भारी आहे.

बरं, हे सगळं मोजतात कसं, कुणी टेप घेऊन तर गेलेलं नाही. प्रकाश ही लहर आहे, आणि प्रवासात अवकाश जितकं ताणलं तितकीच लहर लांबते. विश्व दुप्पट झालं तर लहर दुप्पट. निळी लांबून लाल होते, लाल लांबून इन्फ्रारेड, म्हणून याला रेडशिफ्ट म्हणतात आणि झेड अक्षराने दाखवतात (झेडमध्ये १ मिळवला की लहर किती पट लांबली ते कळतं). हायड्रोजनची एक ठळक अल्ट्राव्हायोलेट लहर आहे, १२१.६ नॅनोमीटरची, झेड १४ च्या गॅलक्सीकडून येईपर्यंत ती १८०० च्या पुढे जाते, थेट इन्फ्रारेडमध्ये, आणि म्हणूनच वेब दुर्बीण इन्फ्रारेडची बनवली आणि पृथ्वीच्या उष्णतेपासून लांब, १५ लाख किलोमीटरवर नेऊन ठेवली. त्या सर्वात जुन्या प्रारणाचंही तेच, निघताना तापमान ३००० अंश केल्विन, आज २.७, कारण मधल्या काळात विश्व जवळपास ११०० पट ताणलं गेलं.

यात आपल्याकडची गोष्ट सांगायलाच पाहिजे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, नाशिक रस्त्याने जाताना लांबून दिसतात. हायड्रोजनचा अणू रेडिओत २१ सेंटिमीटरची लहर सोडतो, अतिशय क्षीण असते, त्यामुळे लांबच्या एकेका गॅलक्सीकडून ती पकडणं महाकठीण. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं की जीएमआरटीने एका गॅलक्सीची ही लहर पकडलीय जी ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघाली होती, मधे आडव्या आलेल्या दुसऱ्या गॅलक्सीच्या गुरुत्वाने भिंगासारखं काम केलं आणि सिग्नल साधारण ३० पट मोठा झाला म्हणून जमलं. खोडदला पोचली तेव्हा २१ सेंटिमीटरची लहर ४८ सेंटिमीटर झाली होती. ४८ भागिले २१, सुमारे २.२९. तेवढ्या पट विश्व ताणलं गेलं मधल्या काळात. म्हणजे विश्वाचं पसरणं अक्षरशः फूटपट्टीवर दाखवता येईल इतक्या आकड्यांत आलं, तेही द्राक्षं-टोमॅटोच्या पट्ट्यात.

यावर एक जुनी शंका आहे आणि ती वाजवी आहे. लहर लांबली ती अवकाश ताणल्यामुळे कशावरून, प्रकाशच इतक्या लांबून येऊन दमला असेल, वाटेत ऊर्जा गळली असेल? १९२९ मध्येच फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञाने हे सुचवलं होतं, आणि झ्विकी काही लहान माणूस नव्हता. पण मग एक फरक दिसायला हवा. ठराविक प्रकारचे सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे स्फोट, जवळपास एकसारख्या दिवसांत चमकून विझतात. प्रकाश नुसता दमला असता तर लांबचे स्फोटही तेवढ्याच दिवसांत विझताना दिसले असते. अवकाश ताणलं जात असेल तर आजच्या प्रकाशाच्या मागून निघालेला उद्याचा प्रकाशही त्याच प्रमाणात मागे पडत येणार, म्हणून स्फोट स्लो मोशनमध्ये दिसायला हवा, झेड १ असेल तर २० दिवसांचा खेळ ४० दिवसांचा. दिसतं तसंच. २०२४ मध्ये डार्क एनर्जी सर्व्हे या आकाशाच्या पाहणीतल्या १५०० हून जास्त सुपरनोव्हांवर हे तपासलं आणि हिशोब चोख जुळला. (जाता जाता, आपले जयंत नारळीकर सर आयुष्यभर बिग बँगच्या विरोधात ठामपणे उभे राहिले, पण विश्व पसरतंय हे त्यांच्या आणि ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्या मॉडेलमध्येही होतंच, भांडण विश्वाला सुरुवात होती की नाही यावर होतं.)

आणि प्रकाशाचा वेगच जुन्या काळी वेगळा असेल तर? असं मांडणारे लोक आहेत, पण त्याला फार मोकळी जागा उरलेली नाही. आफ्रिकेत गॅबॉनमध्ये ओक्लो नावाच्या खाणीत १९७२ मध्ये कळलं की साधारण दोन अब्ज वर्षांपूर्वी तिथल्या युरेनियममध्ये आपोआप अणुभट्टी चालली होती. भट्टीने मागे सोडलेल्या अणूंचं प्रमाण कसं असेल हे ज्या मूलभूत स्थिरांकांवर ठरतं त्यात प्रकाशाचा वेगही येतो, आणि ते प्रमाण बघता त्या एकत्रित आकड्यात तेव्हापासून काही लक्षात येण्यासारखा बदल झालेला नाही.

आता पुढचं काय. १९९८ मध्ये कळलं की ब्रेक लागण्याचे दिवस कधीच संपले, गेली पाच-सहा अब्ज वर्षं पसरण्याला उलट रेस मिळतेय, डार्क एनर्जी म्हणतात तिला, त्याचं नोबेल २०११ मध्ये पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना मिळालं. याचा परिणाम असा की ती हद्द बाहेर सरकण्याचं काम आता मंदावलंय. पुढे कधीतरी ती जवळपास थांबेल, आणि तिच्याबाहेर जो प्रकाश राहिला तो राहिला, त्याला आत घ्यायला कुणी येणार नाही. आजचा हिशोब असा की साधारण १६-१७ अब्ज प्रकाशवर्षांच्या पलीकडच्या गॅलक्सीतून आज, या क्षणी निघणारा प्रकाश आपल्या जागी कधीच पोचणार नाही, कितीही थांबा. मधल्या पट्ट्यातलं, म्हणजे १४ ते १६-१७ अब्जमधलं मजेशीर आहे, त्या गॅलक्सी आत्ता प्रकाशापेक्षा जास्त वेगाने लांब जातायत तरी त्यांचा आजचा प्रकाश कधीतरी इथे येईल, मुंगीसारखा. पण दिसणारं विश्व ४६ अब्ज त्रिज्येचं, त्यातलं १६-१७ अब्जच्या आतलं घनफळ काढलं तर जेमतेम पाच टक्के भरतं. बाकीच्या पंच्याण्णव टक्क्यांचे जुने फोटो येत राहतील, आजची खबर कधीच नाही. प्रकाशाच्या वेगाने आज इथून निघालात तरी तिथे पोचणं नाही.

तर पुढच्या वेळी अशी बातमी आली की अंतराचा आकडा सोडा, झेड किती दिलाय ते शोधा आणि त्यात १ मिळवा. २०२५ मध्ये मॉम-झेड१४ नावाच्या गॅलक्सीने आधीचा रेकॉर्ड मोडला, तिचा झेड १४.४४. एक मिळवला, १५.४४. प्रकाश निघाल्यापासून आजपर्यंत विश्व एवढ्या पट ताणलं गेलंय, त्यामुळे ती आज जेवढी लांब आहे (हीही साधारण ३४ अब्ज प्रकाशवर्षं) त्याला १५.४४ ने भागलं की निघतानाचं अंतर आलं, सव्वादोन अब्ज प्रकाशवर्षांच्या आसपास, पाटीवर होण्यासारखा भागाकार आहे.